बिनपगारी सालगडी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या सोसायटीच्या दारात मातीचा बाजार भरतो. किल्ल्यासाठी माती विकत घ्यावी लागेल असे आमच्या लहानपणी कुणी सांगितले असते, तर आम्ही त्याला वेड्यात काढले असते. पिण्याच्या पाण्याला पैसे पडतील, हे जितके अशक्य वाटे तितकेच तेही. आता दोन्ही गोष्टी पिशव्यांतून मिळतात आणि कुणाला त्याचे काही वाटत नाही. गेल्या दिवाळीत जिन्याखाली अशी पाच पोती येऊन पडली. तांबडी, चाळलेली, मऊसूत माती. मुलांनी ती भराभर उपसली आणि बुरूज उभे राहू लागले. त्यांच्यात खालच्या मजल्यावरची एक सात वर्षांची मुलगी होती. तिला किल्ल्यापेक्षा मातीतच अधिक रस असावा. ती पोत्यात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होती.

"आजोबा, ह्यात गांडूळ कसं नाही? ते शेतकऱ्याचं मित्र असतं ना?"

पाचही पोत्यांत एकसुद्धा नव्हते. मी तिला म्हटले, "ही माती शेतातली नाही गं, दुकानातली आहे." ते तिला पटले. मला मात्र फारसे पटले नाही, कारण शेतातल्या मातीविषयी मला जे ठाऊक आहे ते मी तिला सांगितले नव्हते.

'गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे वाक्य, 'गाय हा उपयुक्त पशू आहे' या वाक्याप्रमाणेच, महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले आहे. पाठ झालेल्या वाक्यांकडे पुन्हा कुणी पाहत नाही. मित्र खरा, पण आपण त्याला वागवले कसे? ज्याला कणा नाही अशा माणसाला आपण गांडूळ म्हणतो. कित्येकांना तर गांडूळ आणि मांडूळ यांतला फरकही सांगता येत नाही. मांडूळ हा साप आहे. दुतोंड्या म्हणतात तो. (त्यालाही तोंड एकच असते, पण ते असो.) मधोमध तोडले की एका गांडुळाची दोन होतात, ही अशीच आणखी एक समजूत. होत नाहीत. बहुतेक वेळा होते ते एकही राहत नाही.

माझी त्याच्याशी खरी ओळख झाली ती कॉलेजात. मेणाच्या ट्रेमध्ये पाण्याखाली टाचण्या लावून आम्ही त्याला उघडत असू. प्रयोगशाळेतले आमचे गांडूळ इंग्रजी पुस्तकातले नव्हे, चक्क स्वदेशी असे. लखनौ विद्यापीठाच्या प्राध्यापक करम नारायण बहल यांनी १९२६ साली या 'फेरेटिमा' गांडुळावर ग्रंथ लिहिला आणि भारतातल्या प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. त्या ट्रेवर वाकून पाहिलेल्या दोन गोष्टी अजून माझ्या डोळ्यांपुढे आहेत. पहिली ही की, त्याच्या पोटात तोंडापासून शेवटपर्यंत मातीच असते. आणि दुसरी, त्याला फुप्फुसे नसतात. तो ओल्या कातडीनेच श्वास घेतो. म्हणजे मातीत जे जे असेल ते त्याच्या आतूनही जाते आणि बाहेरूनही लागते. मातीत विष पडले तर त्याला नाक मुरडून दूर बसायची सोयच नाही.

या प्राण्याला ज्या माणसाने खरा मान दिला तो चार्ल्स डार्विन. १८३७ साली, ऐन तारुण्यात, त्याने गांडुळांवर पहिला निबंध वाचला आणि १८८१ साली, म्हातारपणी, त्याच विषयावर शेवटचे पुस्तक लिहिले. पुढच्याच एप्रिलात तो वारला. मधली चव्वेचाळीस वर्षे जगभर त्याच्या नावाने वादळे उठत होती, आणि हा गृहस्थ अभ्यासिकेत कुंड्या मांडून गांडुळे पाळत होता. त्यांना ऐकू येते का हे पाहण्यासाठी घरातल्या माणसांनाही त्याने कामाला लावले. कुणी शिट्टी फुंकली, मुलाने बासून नावाचे वाद्य वाजवले, कुणी पियानो बडवला. गांडुळांनी दाद दिली नाही. मग त्याच कुंड्या पियानोवर ठेवून सूर धरला, तर सगळी झटकन बिळात शिरली! ऐकू येत नव्हते, पण थरथर कळत होती. पाने बिळात ओढताना ती बहुधा निमुळत्या टोकाकडून ओढतात हेही त्याने पाहिले, आणि खात्री करण्यासाठी कागदाचे त्रिकोण कापून त्यांच्यापुढे टाकले. शेवटी हिशेब मांडला तो असा: इंग्लंडातल्या पुष्कळ भागांत दर एकराला दर साल दहा टनांहून अधिक कोरडी माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. बैल नाही, नांगर नाही, आणि वर्षाच्या पाडव्याला पगार ठरवून घेणारा सालगडीही नाही. फुकटची नांगरट.

आपल्याकडच्या काळ्या भारी जमिनीत या फुकटच्या नांगरटीचे मोल आणखी आहे. उन्हाळ्यात गांडूळ खोल जाऊन गोळा होऊन पडून राहते आणि पावसाबरोबर वर येते. त्याच्या बिळांवाटे पाणी आत मुरते, हवा खेळते. त्याच्या विष्ठेत पिकाला घेता येईल असे खत असते आणि त्यावर कोट्यवधी जिवाणू व बुरश्यांची वस्ती वाढते. कुजवण्याचे काम खरे तर त्यांचे. गांडूळ त्यांना पान चिरून, कालवून देते. स्वयंपाकघरात जशी चिरून-निवडून देणारी बाई, तसे. ती एक दिवस आली नाही तर काय होते हे ज्यांच्या घरी ठाऊक आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

ही न येणारी बाई मी पाहिली ती वाळवे तालुक्यात, माझ्या आजोळी. मामांच्या मागे तिथली शेती माझा मामेभाऊ आप्पा बघतो. कृष्णाकाठची जमीन, आणि पीक म्हणजे ऊस. २०१६ च्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा नांगरट चालू होती. लहानपणी मला तिथले सर्वांत आवडते दृश्य म्हणजे नांगरामागचे बगळे. पांढरेशुभ्र, एका ओळीत, जणू पंगतीला बसल्यासारखे; मधून मधून साळुंक्या, आणि तारेवर टपलेला कोतवाल. त्या दिवशी ट्रॅक्टर सबंध रान उलथत होता आणि मागे एकही पाखरू नव्हते. मी म्हटले, "आप्पा, बगळे कुठे गेले?"

"खायाला असंल तर येतील," आप्पा म्हणाला. "औषध टाकलंय नव्हं."

औषध! या एका शब्दाशी मी त्या दिवशी अडखळलो तो अजून सावरलेलो नाही. खेड्यात कीटकनाशकाला विष कुणी म्हणत नाही. 'औषध मारले', 'औषध सोडले', 'औषध आणायला गेलाय'. पीक म्हणजे लेकरू, त्याला रोग झाला, त्याला औषध दिले, असा तो सरळ भाव आहे. पण त्याच खेड्यात कर्जाने गांजलेला कुणी जेव्हा तोच डबा तोंडाला लावतो, तेव्हाही लोक 'औषध प्यायला' असेच म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला पुढचे सांगावे लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसच्या वर माणसे दगावली, शेकडो रुग्णालयात गेली. त्यांनी तर ते प्यायलेही नव्हते. नुसते मारले होते.

आप्पाने मारलेल्या औषधाचे नाव फोरेट. दाणेदार, उग्र वासाचे. सरीत टाकायचे आणि मातीआड करायचे. त्याची कामाची तऱ्हा साधी आहे. मज्जातंतूंतून निरोप गेला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य शरीरात असते, ते हे औषध बंद पाडते. निरोप पुसलाच जात नाही. अंगाला आचके येतात आणि जीव जातो. आता गंमत अशी की हे पुसणारे द्रव्य हुमणीच्या अळीत आहे, गांडुळात आहे, बगळ्यात आहे आणि आप्पातही आहे. औषधाच्या पुडीवर हुमणीचे चित्र असले म्हणून औषधाला ते दिसत नाही.

मी हे थोडे आवेशानेच बोललो असेन. आप्पाने शांतपणे ऐकून घेतले.

"तुमचं पुण्यात बरं हाय," तो म्हणाला. "श्रावणात बघता बघता ऊस पिवळा पडतोय. हलवून बघावं तर अख्खं बेट हातात येतंय, खाली मुळीच न्हाई. एक एकर गेला माझा. कारखान्याला काय गांडुळं घालू?"

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ज्यांच्यापाशी आहे असे त्यांना वाटते त्यांनी एकदा श्रावणात ते बेट हातात धरून पाहावे. शहरात बसून शेतकऱ्याला निसर्गाचे धडे देणे फार सोपे असते. आमच्या लहानपणी डी.डी.टी. मारायला सरकारी माणसे घरी येत आणि भिंतीवर तारीख छापून जात. त्या वासाने आम्ही नाके दाबत असू. पण स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई, तो आकडा १९६५ च्या सुमारास लाखाच्या घरात उतरला, त्यात त्या वासाचाही वाटा होता. ज्याने तो गुण शोधला त्या पॉल म्यूलरला १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते काही उगीच नव्हे.

पण त्याच डी.डी.टी.ची गोष्ट अमेरिकेत वेगळ्या टोकाला गेली, आणि तिथे गांडूळच साक्षीदार होते. मिशिगन राज्यातल्या विद्यापीठाच्या आवारात एल्मची झाडे एका रोगाने मरू लागली. रोग पसरवणाऱ्या भुंग्यांसाठी १९५४ पासून झाडांवर डी.डी.टी. फवारले. पुढच्या वसंतात रॉबिन पक्षी आवारात तडफडून मरू लागले. फवारा तर पक्ष्यांवर नव्हता! इलिनॉयमधल्या रॉय बार्कर या शास्त्रज्ञाने १९५८ साली माग लावला. फवारलेली पाने शिशिरात गळली, गांडुळांनी ती खाल्ली, विष त्यांच्या अंगात साठले, आणि वसंतात आलेल्या पक्ष्यांनी गांडुळे खाल्ली. अकरा मोठी गांडुळे एका रॉबिनला पुरेशी होती. तितकी तो दहा-बारा मिनिटांत खातो. रेचेल कार्सन यांनी १९६२ साली 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात हे सारे मांडले आणि जग हादरले. भारतात डी.डी.टी. शेतीतून गेले ते १९८९ साली.

या कहाणीत सर्वांना पक्षी आठवतात. मला मात्र त्यातली गांडुळेच आठवतात. काही मेली, पण पुष्कळशी मेली नव्हती. विष अंगात घेऊन ती जिवंत होती, म्हणूनच कुणाला संशय आला नाही.

आणि मला वाटते, सारा घोटाळा इथेच आहे. एखादे औषध मातीला घातक आहे की नाही हे ठरवायला गांडुळावर चाचणी करतात. १९८४ पासून चालत आलेली ठरीव चाचणी अशी: कृत्रिम मातीत औषध मिसळायचे, त्यात गांडुळे सोडायची आणि चौदा दिवसांनी किती मेली ते मोजायचे. त्यासाठी घेतात ते गांडूळ 'आयसेनिया', म्हणजे आपल्या गांडूळखताच्या टाकीतले. उकिरड्यावर सुखाने नांदणारे, चिवट. ते शेतात सहसा राहतच नाही! शेतात राहणाऱ्या जाती त्याच्याहून नाजूक असल्याचे पुढे तपासण्यांत दिसून आले. म्हणजे पैलवानाला जेवू घालून अन्न बाळाला पचेल असा दाखला देण्यासारखेच झाले. अलीकडे पिले किती होतात हेही पाहतात, नाही असे नाही. पण आपल्या मनात चाचणी तीच पक्की बसली आहे: मेले नाही, म्हणजे बरे आहे.

कचेरीत नोकरी केलेल्या कुणालाही विचारा, माणूस हजर असणे आणि काम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९१ नंतर आलेले इमिडाक्लोप्रिड हे औषध बियाण्यालाच चोळून देतात. त्यातले थोडेसे पिकात जाते, बहुतेक मातीत राहते. त्याची अगदी थोडी मात्रा मिळालेले गांडूळ मरत नाही. ते कमी उकरते, कमी खाते, कमी विष्ठा टाकते. डेन्मार्क आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१४ साली वर्षानुवर्षे बुरशीनाशक फवारलेल्या शेतातली गांडुळे तपासली. ती विषाला सरावली होती. विष पचवायला शिकली होती. पण त्या पचवण्यातच सारी शक्ती खर्च होत होती. न फवारलेल्या रानातल्या गांडुळांच्या मानाने त्यांचे वजन निम्मे होते आणि संख्याही निम्म्याहून कमी. हयात होती, एवढेच.

इंग्लंडातल्या सफरचंदाच्या बागांची गोष्ट तर एखाद्या फार्ससारखी आहे. सफरचंदाला खवल्यासारखे डाग पाडणारी एक बुरशी असते; ती गळलेल्या पानांवर हिवाळा काढते. चांगल्या बागेत गांडुळे शिशिरातली बहुतेक सगळी पाने बिळात ओढून फस्त करतात, म्हणजे बुरशीचे घरच मोडतात. तिथे बुरशीसाठी बेनोमिल नावाचे औषध आले. ते गांडुळांना फार बाधले. १९७० नंतरच्या दशकात असे दिसले की फवारलेल्या बागांत पाने तशीच पडून राहतात. आणि पडलेल्या पानांवर कोण राहते हे वर सांगितलेच आहे. जिच्यासाठी औषध मारले तिलाच निवारा मिळाला. या बेनोमिलचे मातीत गेल्यावर कार्बेन्डाझिम होते. ते नाव आप्पाला चांगले परिचयाचे आहे. उसाचे बेणे लावण्यापूर्वी तो त्याच्याच पाण्यात बुडवतो. मात्रा थोडी असते, हेही खरे.

"फवारत नाही त्याच्या रानात तरी ठीक असेल," असे तुम्ही म्हणाल. मलाही तसे वाटत होते. २०२१ साली फ्रान्समधल्या शेतांतली, कुंपणाकडेची आणि कधी न फवारलेल्या रानांतलीही गांडुळे तपासली, तेव्हा शंभरातल्या ब्याण्णव गांडुळांत एक ना एक औषध सापडले. त्याच साली अमेरिकेत सुमारे चारशे अभ्यास एकत्र करून पाहिले. मातीतल्या जिवांवर औषधांचे जे परिणाम तपासले होते त्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक अपायकारक निघाले. आपल्या काळ्या रानांची अशी पाहणी वाचायला मिळाली तर मी ती आधी आप्पाला पाठवीन.

बाकी आप्पाला मी काही शिकवले, असे मुळीच नाही. ते काम हुमणीनेच केले. औषध टाकले त्या वर्षी ती गेली, दुसऱ्या वर्षी परत आली. तिला खाणारे बगळे मात्र आले नाहीत. पुढे ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटच्या वापरावर देशात बंदी आली. त्याआधीच त्याचा धाकटा मुलगा, शेतकीची पदविका घेतलेला, घरात कुरकुर करू लागला होता. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि बाभळी-कडुनिंबावर जमतात. तिथेच झाडे हलवून ते पाडायचे आणि रॉकेलच्या पाण्यात टाकायचे. अंडी घालण्याआधीच. एकट्याने करून उपयोग नाही, कारण भुंगेऱ्याला बांध कळत नाही. गल्लीतल्या आठ-दहा घरांनी मिळून दोन वर्षे केले. शेणखतात मेटारायझियम नावाची बुरशी मिसळून तीही रानात सोडली. ती हुमणीच्या अंगावर वाढते आणि तिला मारते. आप्पा म्हणतो, "हे औषध सावकाश चालतंय." त्यालाही तो औषधच म्हणतो.

दुसरी गोष्ट पाचटाची. ऊस तुटला की रानात वाळल्या पानांचा ढीग पडतो. तो पेटवून द्यायचा ही जुनी वहिवाट. एका काडीत रान मोकळे होते, आणि गांडुळाचे वर्षाचे अन्नही. आप्पाने विहिरीजवळच्या अर्ध्या एकरात तीन वर्षे पाचट जाळले नाही, सरीत दाबून ठेवले. गेल्या भाद्रपदात मी गेलो तेव्हा आम्ही दोघांनी खोरे घेऊन फूटभर लांब, फूटभर रुंद आणि फूटभर खोल असा खड्डा तिथे काढला आणि माती हाताने चाळली. सात गांडुळे निघाली, तीन जाड आणि चार दोऱ्यासारखी. मग पलीकडच्या, पाचट जाळलेल्या पट्टीत तसाच खड्डा घेतला. एक. हे शास्त्र नव्हे, मला कळते. दोन खड्ड्यांवरून सिद्धान्त बांधला तर बहलसाहेबांनी मला वर्गाबाहेर उभे केले असते. ओल वेगळी असेल, सावली वेगळी असेल. पण आप्पा बराच वेळ त्या सातांकडे बघत उभा होता. मग त्याने ती ओंजळीत घेऊन परत खड्ड्यात टाकली आणि वरून पायाने माती लोटली.

"सात म्हंजे लई न्हवंत," तो म्हणाला. "आबांच्या टायमाला मोजली न्हाईत कुणी."

परवा त्याचा फोन आला होता. तोड मार्गशीर्षात येईल म्हणतात. टोळीचा मुकादम म्हणतो, आधी फड पेटवू, मग तोडू. माणसांना पाचट कापते, साप-विंचू निघतात, आणि काम निम्म्या वेळात होते. मुलगा म्हणतो, पेटवायचा नाही, टोळीला वर चार पैसे देऊ. ते चार पैसे म्हणजे एकरी किती, यावर बापलेकांचे अजून ठरलेले नाही.